बाल्टिक अंबरमधला ३ मिमी भुंगेरा: कुळ कसं ठरवावं?

प्रश्न:
इओसीन काळातल्या (काही कोटी वर्षांपूर्वीच्या) बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या जीवाश्म डिंकात, साधारण ३ मिमीचा भुंगेरा आहे. पाठ स्वच्छ दिसते, पोटावर मात्र पांढरी साय. प्रत्येक पावलात चारच खंड मोजता येतात, शृंगिकेचं (डोक्यावरच्या स्पर्शिकेचं) टोक गदेसारखं. एवढ्यावरून कुळ ठरेल का?

प्रतिसाद १:
चारच्या आकड्यावर विसंबू नका. पानभुंगेरे आणि सोंडकिडे यांच्या पावलात खंड पाच असतात, पण चौथा इवलासा, तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये दडलेला. वरून तो दिसतच नाही. बाजूने प्रकाश टाकून, ४० ते ८० पट मोठं करून बघा. तिन्ही जोड्यांचे पाय वेगवेगळे मोजा: ५-५-४ (पुढच्या आणि मधल्या पायांत पाच-पाच, मागच्यात चार खंड) निघालं तर शोध टेनेब्रिओनॉइडिया या महाकुळात घ्यायचा.

गदेबरोबर शृंगिकेचा पहिला खंड लांब असून पुढे कोपरासारखा बाक असेल, तर माझा कल कर्क्युलिओनिडीकडे, म्हणजे सोंडकिड्यांच्या कुळाकडे. सोंड नाही म्हणून हे कुळ बाद करू नका; सालीखाली राहणारे स्कोलिटिनी त्यातच येतात, आणि त्यांना सोंड जवळजवळ नसतेच.

पोटाची बाजूही लागेल. मागच्या पायांच्या कॉक्सांनी (शरीराला जोडलेल्या पहिल्या खंडांनी) उदराचा पहिला दिसणारा खंड मधोमध छेदला असेल, तर तो अ‍ॅडेफागा या भुंगेऱ्यांच्या वेगळ्या उपगणातला, म्हणजे वाट पूर्ण वेगळी.

प्रतिसाद २:
साय म्हणजे कुजताना निघालेल्या द्रव-वायूंचे सूक्ष्म बुडबुडे. ती किड्याला चिकटूनच असते, घासून जात नाही. घासत राहिलात तर पायच जातील. त्याऐवजी कुशीच्या बाजूला सपाट खिडकी करा. वॉटर पेपर ८००, १२००, २०००, मग ३०००, सतत पाण्याखाली, कारण अंबर तापलं की मऊ होऊन चिकटतं. किड्याच्या वर निदान अर्धा मिमी थर ठेवा. पाहताना ग्लिसरीनचा थेंब आणि कव्हरस्लिप: अंबरचा अपवर्तनांक १.५४, ग्लिसरीनचा १.४७, त्यामुळे उरलेले ओरखडे जवळपास दिसेनासे होतात. स्पिरिट, अ‍ॅसिटोन लावू नका.

प्रतिसाद ३:
आधी तुकडा अस्सल आहे का ते बघा. संपृक्त मिठाच्या पाण्यात कोपलही (अंबरपेक्षा बराच नवा, अर्धवट कडक झालेला डिंक) तरंगतो, त्यामुळे ती चाचणी अपुरी. इन्फ्रारेड वर्णपटात ११७५ ते १२५० प्रति सेंमी दरम्यानचा सपाट ‘बाल्टिक खांदा’ हा भक्कम पुरावा.

गुजरातमधल्या तडकेश्वर खाणीचं अंबर विद्रावकात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून तिथले काही किडे सुटे काढता आले. बाल्टिकमध्ये ती सोय नाही. पोट झाकलेलं असेल तर मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी आतलं सूक्ष्म त्रिमितीय चित्र) करा. तेही जमलं नाही तर नोंद कुळापाशी थांबवा, प्रजातीचं नाव देऊ नका.