अडीच वर्षांची लेक शी रोखून धरते, काय करू?

प्रश्न
चार-चार दिवस शी होत नाही, झाली की खड्यांसारखी. महिन्यापूर्वी एकदा फार दुखलं तिला. तेव्हापासून शी आली की पडद्यामागे जाते, पाय ताठ करून चवड्यांवर उभी राहते, लालबुंद होते. मला वाटतं कुंथतेय. जेवण नावापुरतं, दूध मात्र चार बाटल्या. धरून बसवलं तर किंचाळते.

उत्तर
ताई, ती कुंथत नाहीये, रोखतेय. माझा मुलगा असाच उभा राहायचा आणि मला हे कळायला दोन महिने लागले. दुखण्याच्या भीतीने मूल शी धरून ठेवतं, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक होते, मग आणखी दुखतं. म्हणून धरून बसवणं आजपासून बंद करा.

आम्ही आधी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. आठवड्याभरात त्याला भूक लागायला लागली. मग सालासकट पेअर, भिजवून कुस्करलेले सुके आलुबुखारे, वाटाणे. या दोन फळांत सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा घटक असतो, तो आतड्यात पाणी धरून ठेवतो. सोबत पाणीही वाढवा.

आणि पायांकडे बघा! लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. पायाखाली स्टूल हवं, गुडघे कमरेपेक्षा वर. जेवणानंतर आतडी आपोआप हालचाल करतात, तेव्हा पाचच मिनिटं बसवा. शी नाही झाली तरी बसल्याची शाबासकी द्या.

प्रश्न विचारणारी
स्टूल आजच ठेवते. पण कधीकधी चड्डीला पातळ शी लागलेली असते. मग हे जुलाब नाहीत ना?

उत्तर
बहुतेकदा नसतात. आत घट्ट गोळा अडकला की त्याच्या कडेने पातळ शी झिरपते, मुलाला ती कळतही नाही. तिला रागावू नका, मी रागावले होते आणि अजून वाईट वाटतं. अडकलेला गोळा नुसत्या फळांनी निघत नाही, डॉक्टरांकडे जा. आम्हाला शी मऊ करणारं औषध काही महिने द्यावं लागलं. बरं वाटतंय म्हणून मी मध्येच थांबवलं, तर सगळं पहिल्यापासून.

आणखी एक उत्तर
पोट फुगलेलं, उलट्या, शीमध्ये रक्त, वजन न वाढणं, किंवा जन्मापासूनच त्रास असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. लगेच दाखवा.