मदत हवी आहे: हेन्लेच्या लूपमधून द्रव पातळच बाहेर येतो, मग लघवी घट्ट होते कुठे?

नमस्कार मंडळी. भाचीला उत्सर्जन संस्था शिकवताना एका जागी अडले आहे. तिला चुकीचं काही सांगायचं नाही, म्हणून विचारते.

सुरुवातीचा भाग कळला. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं मूत्रपिंडातल्या बारीक नलिका परत घेतात, त्यातलं दोन तृतीयांश तर पहिल्या वेटोळ्या नलिकेतच. तिथल्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूचे पंप ३ सोडियम बाहेर ढकलतात, २ पोटॅशियम आत घेतात. पेशीत सोडियम कमी पडतं, म्हणून नलिकेतलं आत येतं, येताना ग्लुकोज आणि अमिनो आम्लंही आणतं, आणि पाणी मागोमाग. पाणी ओढणारा पंप असा कुठेच नाही! हे सांगितल्यावर भाचीने विचारलं, "मग मीठ काढून घ्यायचं आणि पाणी तिथेच ठेवायचं, असं जमतं का?" तिथून आम्ही लूपवर, म्हणजे नलिकेच्या पुढच्या, खाली उतरून परत वर वळणाऱ्या भागावर आलो.

शिरताना द्रव ३०० मिलिऑस्मोल (द्रवात किती पदार्थ विरघळलेत, म्हणजे तो किती घट्ट, याचं माप), रक्ताइतकाच. खालच्या टोकाला १२००. वर येऊन बाहेर पडताना १००. वहीत लूप काढून आकडे मांडले, खोडले, परत मांडले. चौपट घट्ट केलेला द्रव रक्ताहूनही पातळ करून सोडायचा, तर एवढा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद १

ताई, आकडे बरोबर आहेत. आता नलिकेच्या आतले तसेच राहू द्या आणि बाहेरच्या जागेत काय साठतंय ते बघा. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच अडतात.

भाचीचा प्रश्न नेमका आहे. वर चढणाऱ्या जाड भागात तेच होतं: एक वाहक सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकदम उचलतो, पण भिंतीतून पाणी अजिबात जात नाही. मीठ बाहेर मेड्युलात (मूत्रपिंडाच्या आतल्या भागात) साठतं, आतला द्रव पातळ होतो. एका पातळीवर आत-बाहेर फरक पडतो फक्त २०० मिलिऑस्मोलचा. पण शेजारच्या उतरत्या भागातून पाणी निघून जातं, घट्ट झालेला द्रव वळून पुन्हा याच भिंतीपाशी येतो, त्यातून पुन्हा मीठ निघतं. असं साठत साठत खोलवर १२०० होतात.

लूपनंतर द्रव पुढे ज्या संकलन नलिकेत पोचतो, ती याच खारट भागातून खाली उतरते. एडीएच (पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक) असेल तर तिच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन (पाणी जाऊ देणारी प्रथिनं) बसतात, पाणी बाहेर पडतं आणि लघवी घट्ट होते. नसेल तर पातळ द्रव तसाच वाहून जातो. ज्यांच्यात एडीएच तयारच होत नाही, त्यांना दिवसाला दहा लिटरच्या वर लघवी होऊ शकते.

फ्युरोसेमाइड हे औषध जाड भागातला तोच मीठ उचलणारा वाहक अडवतं. मेड्युलातलं मीठ ओसरतं, मग एडीएच असूनही पाणी ओढायला काही उरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! वहीत आता लूपच्या बाहेरची जागा पेन्सिलने गडद करत नेली, खाली जास्त. पण भाची विचारते, संकलन नलिकेतून आलेल्या पाण्याने हे मीठ धुऊन जाणार नाही का?

प्रतिसाद १

शाबास म्हणा तिला. एडीएच असताना बरंचसं पाणी वर कॉर्टेक्समध्येच (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागात) शोषलं जातं, मेड्युलापर्यंत थोडंच पोचतं. जे पोचतं ते लूपला समांतर उतरून वर वळणाऱ्या केशवाहिन्या उचलून नेतात. या वाहिन्या उतरताना मीठ घेतात, चढताना बरंचसं परत देतात, आणि त्यांतून रक्तही संथ वाहतं. म्हणून साठा टिकतो.

प्रतिसाद २

एक भर. सगळ्यात खोल भागातल्या त्या १२०० पैकी जवळपास निम्मा वाटा युरियाचा असतो. संकलन नलिकेच्या शेवटच्या भागातून तो बाहेर झिरपतो, तेही एडीएचच्याच सांगण्यावरून. वहीत खालच्या टोकाशी मिठाच्या जोडीला तोही लिहा.