मदत हवी आहे: ६४ जीबीचं कार्ड फॅट३२ करताना डेटा कुठून सुरू करावा?

मंडळी, एक जुना ऑडिओ रेकॉर्डर फक्त फॅट३२ (कार्डावर फायली मांडण्याची जुनी पद्धत) वाचतो आणि कार्ड आहे ६४ जीबीचं एसडीएक्ससी, म्हणजे ३२ जीबीहून मोठ्या एसडी कार्डांचा प्रकार. एसडी असोसिएशनच्या मानकाप्रमाणे ३२ जीबीपर्यंत फॅट३२ आणि त्यापुढे एक्सफॅट ही नवी पद्धत, त्यामुळे त्यांचा अधिकृत फॉरमॅटर इथे कामाचा नाही.

लिनक्सवर करतोय. पार्टिशन सेक्टर ३२७६८ पासून (एक सेक्टर ५१२ बाइटचा), म्हणजे बरोबर १६ एमबीवर. क्लस्टर, म्हणजे फाइलला जागा देण्याचं एकक, ३२ केबी. इथवर ठीक. पण दोन्ही फॅट टेबलं (कुठला क्लस्टर कुठल्या फाइलचा याची यादी आणि तिची प्रत) मिळून साधारण १५ एमबी खातात आणि डेटा भलत्याच ठिकाणी सुरू होतो. तो इरेज ब्लॉकच्या (कार्ड एका वेळी पुसतं तेवढ्या तुकड्याच्या) सीमेवर बसला नाही, तर एका क्लस्टरचं लेखन दोन ब्लॉकमध्ये विभागलं जाऊ शकतं. सलग रेकॉर्डिंगला तेच मारक.

उपाय दिसतो तो रिझर्व्ह्ड सेक्टर (पार्टिशनच्या सुरुवातीला, फॅट टेबलांच्या आधी राखून ठेवलेले) नेहमीच्या ३२ वरून वाढवून डेटा ४ एमबीच्या पटीत आणण्याचा. या सेक्टरांच्या संख्येची नोंद १६ बिटांची, म्हणजे ६५५३५ पर्यंत जागा आहे.

प्रश्न असा: काही हजार रिझर्व्ह्ड सेक्टर असलेलं कार्ड जुनी फर्मवेअर (उपकरणातलं अंगभूत सॉफ्टवेअर) नीट वाचतात का, की ३२ च गृहीत धरतात? रेकॉर्डर किंवा कॅमेऱ्यावर कुणी करून पाहिलं असेल तर मॉडेल आणि वापरलेला आकडा दोन्ही सांगा. क्लस्टर ६४ केबी केल्यास टेबलं निम्मी होतात, पण सुसंगततेसाठी ते टाळतोय.