भाजलेल्या रताळ्याचा शोचू: गोव्याच्या ताटाबरोबर कसा द्यावा?

मांडवीकाठ: जपानमधल्या कागोशिमाचा, भाजलेल्या रताळ्यांपासून केलेला शोचू (फेणीसारखं ऊर्ध्वपातित मद्य) आहे. २५ टक्के, ७२० मिली. शनिवारी सहा जण आहेत. ताटात चिकन शागोती, रेशाद (मिरची-विनेगरचा लाल मसाला) लावून तळलेले बांगडे, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोरडी कोशिंबीर, आणि शेवटी बेबिंका, म्हणजे नारळाच्या रसाचा थराथरांचा गोड पदार्थ. फेणीसारखा लिम्का घालून चालेल का? या उकाड्यात गरम पाण्यातून देणं वेडेपणाचं होईल का? शिवाय फ्रीजमध्ये ठेवल्यावर बाटलीत पांढुरके तंतू दिसताहेत. बिघडलाय का?

तिरफळ: लिम्का नको. काजू फेणीचा वास दांडगा, तो लिंबाला पुरून उरतो. या शोचूत बहुतेक रताळी वाफवण्याऐवजी भाजलेली असतात, त्यामुळे साखर करपण्याच्या जरा अलीकडचा, मधासारखा वास येतो. तो पातळ असतो आणि लिंबाखाली सहज दबतो. त्याच्यामागे रताळ्याचा स्वतःचा फुलांसारखा वास असतो, मुख्यतः लिनालूल आणि जिरॅनिओल या सुगंधी घटकांचा. या दोन्हींसाठी एकच औषध, साधं पाणी.

आधी प्रत्येकाला १५ मिली नुसता द्या, बर्फ न घालता. पेला तोंडाशी अरुंद असावा. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. मग त्यातच तेवढंच पाणी घालून पुन्हा हुंगा. मद्यार्क उतरला की हे सुगंधी घटक द्रवात नीट विरघळून राहत नाहीत, वर येतात. नुसत्यात फक्त भाजकेपणा जाणवत असेल, तर फुलांची बाजू इथे कळते. जिभेवर मागाहून राखेसारखा कडवटपणा राहिला तर साल जास्त करपलेली, किंवा रताळ्याचे किडके भाग नीट छाटलेले नाहीत.

पाणी बाटलीतलं घ्या. आपल्या जांभ्या दगडातल्या काही विहिरींच्या पाण्याला लोखंडाची चव असते, ती लगेच पकडली जाते.

भाटकार: तंतूंची काळजी नको. ते रताळ्याच्या आणि आंबवताना घातलेल्या भाताच्या तेलकट घटकांचे आहेत, थंडीने गोठतात. बाटली बाहेर काढून हळूच उलटीपालटी करा, विरघळतील. गाळू मात्र नका, चवीचा गोलपणा त्यातच आहे. खरी भीती उन्हाची. खिडकीत ठेवलेल्या बाटलीतलं हेच तेल हवेने आणि प्रकाशाने खवट होतं आणि जुन्या खोबरेल तेलासारखा वास मारतं. तो वास मग कशानेच जात नाही.

उकाड्यासाठी 'माएवारी' करा, म्हणजे आदल्या दिवशी पाणी मिसळून ठेवायचं. ३०० मिली शोचूत २०० मिली पाणी, म्हणजे १५ टक्के होतो. स्वच्छ काचेच्या बाटलीत बंद करून फ्रीजमध्ये ठेवा. शनिवारचं शुक्रवारी सकाळीच केलंत तर अजून बरं. ऐनवेळी मिसळलेल्यात मद्यार्क वेगळा टोचतो, मुरलेल्यात टोचत नाही. बर्फ घालू नका, प्रमाण बिघडतं.

तिरफळ: आता ताट. शागोतीशी जमेलच. त्यातलं खोबरं भाजलेलं, धणेही भाजलेले, आणि धण्यांचा वास मुळात लिनालूलचाच. थंड माएवारी इथे द्या, किसमुरीबरोबरही तीच. सुक्या सुंगटांच्या खारटपणाने शोचूची गोडी पुढे येते.

बांगडे अवघड. मासळी नव्हे, रेशादमधलं माडाचं विनेगर हे कारण. आंबटाने शोचूची गोड बाजू गायब होते आणि भाजका कडवटपणा उघडा पडतो. मिरचीची आगही मद्यार्काने वाढते. त्या घासांना नुसत्या शोचूत तेवढंच पाणी घालून १२-१३ टक्क्यांवर आणा, नाहीतर त्या वेळी सोलकढीच द्या. तीच मासळी नुसतं मीठ-हळद लावून तळली असती तर जोडी उत्तम होती.

मांडवीकाठ: चार बांगडे मीठ-हळदीचे करतो. गरम पाण्याचं काय?

भाटकार: बेबिंकेला ठेवा. तूप आणि नारळाचा रस जिभेवर बसतो, गरम पेयाने तो सुटतो, आणि वरच्या निखाऱ्याने तांबूस झालेल्या थरांचा वास शोचूच्या वासाला मिळतो. पेल्यात आधी पाणी, मग शोचू. उलट केलंत तर कढत पाणी थेट मद्यावर पडून वाफेबरोबर वास उडतो, नाकात झोंबतं. शिवाय शोचू नंतर ओतला की ओतण्याच्या धारेनेच मिसळतो, फारसं ढवळावं लागत नाही. उकळतं पाणी नको, स्टीलच्या भांड्यात ओतून ७० अंशांपर्यंत उतरवा. इथल्या हवेत शोचू २८-३० अंशांवर असतो, म्हणून ३० मिली पाण्यात ३० मिली घातला की सुमारे ५० अंश येतो आणि पेल्याने थोडी उष्णता खेचल्यावर पिण्याजोगा होतो. माएवारी उरली तर तीच मंद आचेवर ४५ अंशांपर्यंत तापवा, उकळी मात्र येऊ देऊ नका.

हिशेब असा: नुसता चाखायला ९० मिली, माएवारीला ३००, बेबिंकेबरोबर १८०. दीडशे मिली उरतात, ते अंधाऱ्या कपाटात.