'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घरी ठेवायचा तर कुठला?

जुनापडदा
काल रात्री हा जुना वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या बंदूकबाजांचा सिनेमा, स्ट्रीमिंगवर लावला आणि तासाभरात बंद केला. राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

मी तो पहिल्यांदा पाहिला नव्वदच्या दशकात, मामाकडे, व्हिडिओ कॅसेटवर. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने हा सिनेमा टेक्निस्कोपमध्ये, म्हणजे लांबलचक आडव्या चौकटीत चित्रित केलेला. कॅसेटवर मात्र टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजू छाटलेल्या. शेवटी कबरस्तानात तिघं एकमेकांसमोर उभे ठाकतात, तिथे आमच्या टीव्हीवर तिघांतला एक जण सतत चौकटीबाहेर. पुढे डीव्हीडीवर अख्खी चौकट पाहिली तेव्हा कळलं की ते दगडी रिंगण केवढं मोठं आहे. तिघांमधल्या त्या रिकाम्या जागेतच सगळा ताण आहे.

काल लागली ती २००३ ची लांबवलेली आवृत्ती. अमेरिकेत १९६७ साली जो १६१ मिनिटांचा सिनेमा लागला, त्यात नसलेले प्रसंग तिच्यात परत घातलेत. त्यांचं इंग्रजी डबिंग तोवर झालंच नव्हतं. म्हणून क्लिंट ईस्टवुड आणि इलाय वॉलक यांच्याकडून इतक्या वर्षांनी संवाद म्हणून घेतले. वॉलक तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे. एंजल आइज झालेले ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेलेले, त्यांना दुसऱ्याचा आवाज. मधेच टुकोचा, म्हणजे वॉलकच्या पात्राचा, आवाज म्हातारा होतो आणि माझा सिनेमा तिथे तुटतो.

माझं मत स्पष्ट आहे. १६१ मिनिटांची आवृत्ती, आणि तीही डिस्कवर. स्ट्रीमिंगवर आज काय लागेल आणि उद्या काय, हे आपल्या हातात नसतं.

रानवाट
अजिबात पटलं नाही. इटलीतल्या प्रेक्षकांनी १९६६ साली यातले बहुतेक प्रसंग पाहिलेच होते. मग 'मूळ' अमेरिकेतलं कसं?

उद्ध्वस्त किल्ल्यातला प्रसंग आठवा. एंजल आइज जखमी सैनिकांमधून फिरतो आणि पुरलेल्या सोन्याची माहिती असलेल्या बिल कार्सनचा माग काढत त्याला कैद्यांच्या छावणीचा पत्ता लागतो. तो काढला की हा माणूस पुढे थेट त्या छावणीत सार्जंट बनून उगवतो, कसा ते कळत नाही. शिवाय युद्धाने माणसांचं काय करून ठेवलंय हे तिथे दिसतं. आवाजातला फरक मी दहा मिनिटांत विसरते, पण कथेतलं भोक विसरता येत नाही.

जुनापडदा
किल्ल्याबद्दल तुमचं मान्य, ताई. पण गुहेतला प्रसंग? टुको जुन्या साथीदारांना गोळा करतो तो. रोमच्या पहिल्या खेळानंतर खुद्द लिओनेनेच तो काढून टाकला होता. त्यांच्या पश्चात तो परत घालायचा अधिकार कुणाला?

भीमथडी
मग 'शोले'चं काय म्हणाल? २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात मूळ शेवटासकट दाखवला, ठाकूर गब्बरला मारतो तो. आपण सगळे आनंदलोच ना!

जुनापडदा
दादा, तिथे सेन्सॉरने आणीबाणीत शेवट बदलायला लावला होता. दिग्दर्शकाच्या मनात होतं ते परत आलं. इथे दिग्दर्शकाने स्वतः काढलेलं परत आलंय. दोन्ही एका तागडीत नका तोलू.

पिवळाउजेड
डिस्क म्हणजे देववाक्य, हे मला पटत नाही. २०१४ साली याच सिनेमाची नवी ब्लू-रे आली, त्याच बोलोन्यातल्या लॅबमध्ये फोर-केमध्ये, म्हणजे खूप बारकाईने, नव्याने उजळलेल्या प्रतीवरून. मी मोठ्या हौसेने मागवली. लावली तर आकाश पिवळट, ढग पिवळट, ईस्टवुडच्या चेहऱ्यावर कावीळ झाल्यासारखी छटा. जगभरातून तक्रारी झाल्या. २०१७ मध्ये किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीने रंग दुरुस्त करून वेगळी ब्लू-रे काढली, ती अमेरिकेची, ए विभागाची. ब्लू-रेला जगाच्या विभागांप्रमाणे कुलूप असतं. आपल्याकडे प्लेयर सी विभागाचे. विकणाऱ्याने 'सगळीकडे चालते' सांगून माझ्या गळ्यात मारली, आणि प्लेयरने ती सरळ नाकारली. पैसे परत मिळाले नाहीत. कपाटात पडून आहे.

आणि बंदुकीचे आवाज? मूळ सिनेमा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या ध्वनीचा. नंतरच्या फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या ध्वनीत गोळ्यांचे आवाज नवे भरलेत. ते डिस्कवाल्यांनीच केलं ना?

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत जुन्या वेस्टर्न मालिकांचे डिस्कचे संच अजून मिळतात, म्हणून लिहिते. 'गनस्मोक' वीस सीझन, ६३५ भाग. पहिली वर्षं अर्ध्या तासाची, मग तासाची, १९६६ पासून रंगीत. इतकं सगळं एका जागी क्रमाने हवं तर संचाला पर्याय नाही.

पण पिवळाउजेड म्हणतात तेही खरं. 'बोनान्झा' या दुसऱ्या मालिकेच्या सुरुवातीच्या काही भागांवरचा हक्क संपलाय, म्हणून कुणीही त्यांच्या स्वस्त डिस्क काढतं. शीर्षकसंगीताचा हक्क मात्र शाबूत. मग शीर्षकातला जळणारा नकाशा तोच आणि संगीत भलतंच! सासऱ्यांनी लहानपणापासून ऐकलेली ती धून. पहिला भाग लावला आणि ते उठून आत गेले.

रानवाट
जुनापडदा, शेवटी पैशांचं बोलू या. माझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलीने प्लेयर घ्यायचा, डिस्क मागवायची, वर कस्टम भरायचं? मी हा सिनेमा फोनवर पाहिला, वसतिगृहाच्या गच्चीवर. शेवटचं संगीत सुरू झालं तेव्हा अंगावर काटा आला. माझं पाहणं कमी प्रतीचं होतं का?

जुनापडदा
नाही, मुळीच नाही. मी तर एक माणूस छाटलेल्या कॅसेटवर प्रेमात पडलो.

माझं भांडण एवढंच की कुठली आवृत्ती लावलीय हे पडद्यावर लिहिलेलं असावं, आणि निवडायची सोय असावी. पिवळाउजेड, २०२१ ची फोर-के डिस्क बघा, १६१ मिनिटांचीच आहे आणि रंगही सुधारलेत. फोर-के डिस्कना विभागाचं कुलूप नसतं, फक्त प्लेयर फोर-केचा लागतो. पुण्यात असाल तर माझ्याकडे या, सोबतच पाहू. रानवाट, तुम्हीही या. किल्ल्याचा प्रसंग त्यात नाही, तो आधी तुमच्या फोनवर बघू.

रानवाट
येते. दिवाळीच्या सुट्टीनंतर चालेल?