ठसा मिळाला म्हणजे तारीख मिळाली, असं नाही
उत्खननात सापडलेल्या जुन्या फ्रेंच चाकूच्या पात्यावर कारागिराच्या नावाचा ठसा असतो, आणि त्या नावावरून चाकूचं साल ठरतं, असं काहींचं मत आहे. ते अर्धंच पटतं. मिशिलिमाकिनॅकसारख्या (आजच्या अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या) अठराव्या शतकातल्या फ्रेंच ठाण्यांवर घडीच्या चाकूंची लाकडी-शिंगाची मूठ कुजून जाते, उरतं ते पातं, त्यामुळे ठशाला महत्त्व येतं हे खरं. पण कारागिराची खूण वारसाला मिळे, विकलीही जाई. म्हणजे एकच ठसा दोन पिढ्यांचा असू शकतो. तारखेसाठी चाकू जमिनीच्या कोणत्या थरात सापडला, तेच बघावं लागतं.

आणि ठसा वाचायला पातं साफ करताना कृपा करून तारेचा ब्रश नको! मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा गंजाच्या थरातच उरलेला असतो, तो खरवडला की अक्षरं गेलीच. आधी क्ष-किरण चित्र, मग तिरप्या उजेडात वाचन. ‘IEAN’ दिसलं तर चक्रावू नका, ते ‘झाँ’ (Jean) हे फ्रेंच नावच, त्या काळी मोठ्या अक्षरांत J च्या जागी सर्रास I असे.