लेसिकनंतर ६/६ दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं आणि चंद्र दोन: पुन्हा लेसर करावा का?

निशाचर_७
उजव्या डोळ्याचा नंबर −६.५ होता. लेसिकला ७ महिने झाले, तक्त्यावर ६/६. रात्री मात्र समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती मोठं वलय दिसतं आणि चंद्राखाली त्याचीच फिकी दुसरी प्रतिमा. ऑप्टिकल झोन (लेसरने पूर्ण सुधारलेला मधला भाग) ६ मिमी, अंधारात बाहुली ७.१ मिमी. ॲबरोमीटरचे (ॲबरेशन म्हणजे प्रतिमा बिघडवणारे प्रकाशदोष मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे (६ मिमी बाहुलीसाठी): एकूण हायर ऑर्डर (साध्या नंबरापलीकडचे दोष) ०.६२ मायक्रॉन, स्फेरिकल (कडेचे आणि मधले किरण एकत्र न जुळणं) +०.३८, व्हर्टिकल कोमा (प्रतिमा वर-खाली ओढली जाणं) −०.४१. चष्म्याने भागेल का?

किरणमार्ग
तक्ता उजेडात वाचतात, अक्षरं ठळक काळी असतात. त्यावरून रात्रीच्या नजरेचा अंदाज येत नाही. स्फेरिकल ॲबरेशन बाहुलीच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं, कोमा तिसऱ्या घाताने. म्हणजे ३ मिमीची बाहुली ६ मिमी झाली की एक १६ पट, दुसरं ८ पट. म्हणूनच दिवसा त्रास जाणवत नाही.

मायनस नंबर काढताना कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) मधोमध सपाट होतो. कडेला लेसर तिरपा पडतो, तिथे ऊतक ठरल्यापेक्षा कमी निघतं. तुमची बाहुली झोनपेक्षा मोठी आहे, त्यामुळे कडेचे किरणही आत येतात आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिना) अलीकडेच जुळतात. वलय त्यांचं. चंद्राची दुसरी प्रतिमा मात्र कोमाची.

झोन मोठा का घेतला नाही, हा प्रश्न पडेलच. नंबर गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले ३ हे ढोबळ सूत्र लावा: ६ मिमीला ७८ मायक्रॉन ऊतक जातं, ६.५ ला जवळपास ९२. झोन मोठा घेतला की कॉर्निया तेवढा पातळ होतो.

कोमा आणि स्फेरिकल चष्म्याने जात नाहीत. तरीही रात्री गाडी चालवण्यापुरता −०.२५ किंवा −०.५० लावून बघा, कारण स्फेरिकल पॉझिटिव्ह असलेला डोळा अंधारात थोडा मायनसकडे सरकतो. ही तपासणी मंद उजेडातच करून घ्या.

अश्रुपटल
त्याआधी कोरडेपणा तपासा. लेसिकमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, अश्रूंचा थर लवकर फाटतो, आणि असा थर स्वतःच ॲबरेशन तयार करतो. घरी करायची चाचणी: एका डोळ्याने लांबचा दिवा बघा आणि पापणी मिटून उघडा. प्रतिमा क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा पसरली, तर संशय अश्रूंवर. दवाखान्यात फ्लोरेसीन (अश्रू रंगवणारं द्रव्य) घालून थर फुटायची वेळ मोजतात. १० सेकंदांपेक्षा कमी आली तर आधी त्यावर उपचार. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, पापण्यांना रोज कोमट शेक. ॲबरोमीटर लागोपाठ तीनदा करायला सांगा. आकडे दर वेळी वेगळे येत असतील, तर त्यांच्या आधारे लेसर करणं धोक्याचं.

पॅकीमीटर
कोमा व्हर्टिकल आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लेसर किंचित वरखाली सरकून पडला तरी तो येतो, आणि कॉर्निया खालच्या बाजूला फुगायला लागला (एक्टेशिया) तरी येतो. दोन्हींचे उपचार अगदी उलट. शस्त्रक्रियेआधीचा पेंटाकॅम (कॉर्नियाचा आकार आणि जाडी दाखवणारा स्कॅन) मिळवा, आता नवा काढा आणि ३ महिन्यांनी पुन्हा. मागच्या पृष्ठभागाची उंची किंवा सर्वांत पातळ जागा बदलत असेल तर पुन्हा लेसर अजिबात नको, तिथे क्रॉस-लिंकिंगचा (कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराचा) विचार होतो.

सगळं स्थिर असेल तरच टोपोग्राफी-गाइडेड (कॉर्नियाच्या नकाशानुसार केलेला) लेसर. हिशेब आधी मांडा: मूळ जाडी वजा फ्लॅप (लेसिकमध्ये उचललेला वरचा पापुद्रा), वजा गेलेलं ऊतक, वजा नव्याने जाणारं. खाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत. अनेक सर्जन ३०० चा आग्रह धरतात आणि तो योग्यच आहे. वाकडेपणा काढताना नंबरही हलतो, तो आराखड्यात धरलाय का, हे विचारा.

निर्णयाआधी कडक आरजीपी कॉन्टॅक्ट लेन्स लावून रात्रीचा दिवा बघा. लेन्सखालचे अश्रू कॉर्नियाचे उंचवटे भरून काढतात. दुसरा चंद्र गेला, तर दोष पुढच्या पृष्ठभागावर आहे, म्हणजे लेसरने किंवा स्क्लेरल लेन्सने (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या लेन्सने) सुधारता येईल. गेला नाही तर लेसरने फारसं साधणार नाही. मग रात्रीपुरती बाहुली लहान ठेवायला काही डॉक्टर ब्रिमोनिडीनचे थेंब देतात. ते मनाने सुरू करू नका: रोज वापरले तर डोळे लाल होतात, आणि काहींना झोप येते, जी गाडी चालवताना परवडत नाही.